मृताची इच्छा व जिवंताचा विश्वास

ख्रिस्ती मनुष्यानें जिवंत शेजाऱ्याशीं कसें वागावें ह्याविषयीं आमच्या उपासनामंदिरांतून पुष्कळ उपदेश होत असतो. परंतु जो शेजारी मरण पावला, ज्याला आतां आपल्याकडे कांहीं मागतां येत नाहीं, आणि त्यास दिलेलें वचन आपण मोडलें तर आपणांस दोषही देतां येत नाहीं, त्याच्याविषयीं आपलें कर्तव्य काय, ह्याचा विचार क्वचितच होतो. बहुधा हा प्रश्न घरांत प्रेत असतांना, रडारड चालली असतांना व शेजारीपाजारी दारांत उभे असतांना अकस्मात् पुढें येतो. आणि त्या गडबडींत ज्याचा आवाज मोठा त्याच्या मतानें निकाल लागतो. म्हणून ह्या गोष्टीचा शांतपणें आधींच विचार करून ठेवणें बरें, असें वाटून हे चार शब्द वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रश्नाचें स्वरूप स्पष्ट व्हावें म्हणून एक उदाहरण घेऊं. तें कोणा एका घराचें नव्हे, पण आमच्या पुष्कळ गांवीं घडण्यासारखें आहे. अमेरिकन मराठी मिशनचें काम मुंबईस १८१३ सालीं व अहमदनगरास (आतांचें अहिल्यानगर) १८३१ सालीं सुरू झालें. पुढें त्याच शतकाच्या उत्तरार्धांत येशूसंघी फादरही त्याच जिल्ह्याच्या खेड्यांत आले. त्यामुळें एकाच गांवांत एकाच भाऊबंदकीचीं कांहीं घरें प्रॉटेस्टंट मंडळींत व कांहीं रोमन कॅथोलिक मंडळींत, अशी स्थिति झाली. सोयरीक तर दोन्हींकडे होते. आतां अशी कल्पना करा कीं, एक वृद्ध आई जन्मभर रोमन कॅथोलिक मंडळींत राहिली. तिचे दोघे मुलगे विचारपूर्वक आमच्या मंडळींत आले. त्यांपैकीं एक तर उपदेशक आहे. आई आजारी पडली तेव्हां तिनें मुलांस जवळ बोलावून सांगितलें, "बाळांनो, मला माती फादरांच्या हातून द्या. माझ्यासाठीं मिस्सा करा, आणि तुमच्या बापाच्या शेजारीं मला ठेवा." मुलांनीं "होय, आई" म्हटलें. आतां आई वारली आहे. मुलांचा विश्वास असा कीं, मेलेल्याचा आत्मा देवाच्या हातीं आहे व जिवंतांच्या प्रार्थनेनें अगर मिस्सेनें त्याच्या स्थितींत बदल होत नाहीं. त्यांनीं काय करावें?

त्यांस दोन प्रकारचे सल्ले मिळतील. एक म्हणेल, "आई गेली, तिला आतां काय कळतें? तुम्ही घरचे धनी. आपल्या पाळकाला बोलवा आणि आपल्या रीतीनें पुरा. उपदेशकाच्याच घरांतून मिस्सा झाली तर लोक काय म्हणतील?" दुसरा म्हणेल, "अहो, विधि तो विधि. ही रीत काय अन् ती रीत काय, सारखेंच. जें सांगतील तें म्हणा आणि मोकळे व्हा." पहिल्या सल्ल्यांत आईविषयीं बेइमानी आहे, आणि दुसऱ्यांत सत्याविषयीं बेपर्वाई आहे. ह्या दोहोंच्या मधून जाणारी वाट आहे कीं नाहीं, हें आपणांस पाहावयाचें आहे.

प्रथम रोमन कॅथोलिक अंत्यविधि म्हणजे काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे. कारण ज्याची माहिती नाहीं त्याचा निषेध करणें फार सोपें असतें. १९६३ सालच्या डिसेंबरांत व्हॅटिकन येथील दुसऱ्या परिषदेनें उपासनेविषयीं जें घटनापत्र प्रसिद्ध केलें, त्यांत असें ठरलें कीं, प्रेतसंस्कारांत ख्रिस्ताच्या मरणाचा व पुनरुत्थानाचा अर्थ अधिक स्पष्ट दिसावा, आणि विधि त्या त्या देशाच्या परिस्थितीस व रीतीस जुळता असावा. त्यास अनुसरून १९६९ सालीं सुधारलेला विधि निघाला. पूर्वीं काळीं वस्त्रें व न्यायाच्या दिवसाचें भय ह्यांचें प्राबल्य असे. आतां पांढरीं अगर जांभळीं वस्त्रेंही चालतात, व आशेचा सूर वर आला आहे.

ह्या विधीचे मुख्य भाग तीन. पहिला भाग म्हणजे घरीं अगर देवळांत होणारी जागरणाची प्रार्थना. तींत शास्त्रवाचन, स्तोत्र व विनंत्या असतात. पुष्कळ घरीं त्या वेळीं रोजरीही म्हणतात. दुसरा भाग देवळांतला. पेटी दाराशीं येतांच तिजवर पाणी शिंपडतात, तें मृताच्या बाप्तिस्म्याची आठवण म्हणून. कित्येक ठिकाणीं पेटीवर पांढरें वस्त्र घालतात, तेंही त्याच अर्थानें. आणि पुनरुत्थानाच्या सणाची मोठी मेणबत्ती जवळ लावतात. मग शास्त्रवाचन, लहानसा उपदेश, मिस्सा, आणि शेवटीं मृतास देवाच्या हवालीं करण्याची प्रार्थना होते. तिसरा भाग कबरेजवळचा: कबरेवर आशीर्वाद मागणें, प्रभूची प्रार्थना, आणि माती.

वाचकहो, ह्यांतील किती गोष्टी आपल्याच आहेत हें पाहा. शास्त्रवाचन आपलें, स्तोत्र आपलें, प्रभूची प्रार्थना आपली, पुनरुत्थानाची आशा आपली, बाप्तिस्म्याची आठवणही आपली. किंबहुना एका बाबतींत आम्हींच त्यांच्यापासून शिकावें असें आहे. त्यांचा नियम असा कीं, मिस्सेंतील उपदेश म्हणजे मृताचें गुणवर्णन होतां कामा नये; तेथें शुभवर्तमानच सांगितलें पाहिजे. घरच्या माणसास दोन शब्द बोलावयाचे असले तर शेवटच्या प्रार्थनेपूर्वीं त्यास वेळ मिळूं शकतो. आमच्यांत मात्र कधीं कधीं पाटलाच्या प्रेतावर पांच भाषणें होतात आणि मोलकरणीच्या प्रेतावर अर्धी प्रार्थना! कबरेजवळ श्रीमंतीचा भेद मिटावा हा हेतु ज्या नियमानें साधतो तो नियम चांगला म्हटला पाहिजे.

तथापि सर्वच गोष्टी समान नाहींत, आणि आहेत असें दाखविणें खरेपणाचें होणार नाहीं. रोमन कॅथोलिक मंडळी असें मानते कीं, कित्येक विश्वासी आत्मे मरणानंतर शुद्ध होण्याच्या स्थितींत असतात, व जिवंतांच्या प्रार्थनेनें आणि विशेषतः मिस्सेनें त्यांस साहाय्य होतें. १५६३ सालीं ट्रेंट येथील परिषदेनें ही शिकवण पुन्हा ठाम सांगितली. त्या मंडळीचा एक शास्त्राधार मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकांत आहे. पण तें पुस्तक आमच्या शास्त्रसंग्रहांत येत नाहीं. प्रॉटेस्टंट सुधारकांनीं ही शिकवण नाकारली. त्यांपैकीं कांहींचा कटाक्ष तर इतका तीव्र होता कीं, १६४५ सालीं वेस्टमिन्स्टर येथें जमलेल्या पाळकांनीं व वडिलांनीं उपासनेची जी पद्धति घालून दिली, तींत प्रेत सभ्यपणें नेऊन कोणत्याही विधीवांचून पुरावें असेंच सांगितलें. प्रेतापुढें गुडघे टेकणें व त्याच्या जवळ प्रार्थना करणें ह्यांचा भोळेपणा वाढविण्याकडे फार उपयोग झाला, असें त्यांचें मत होतें. उलट पक्षीं स्वतः मार्टिन लूथर ह्यांनीं १५२८ सालच्या आपल्या विश्वासाच्या निवेदनांत, मृतासाठीं मोकळ्या मनानें एकदोनदां प्रार्थना करून तो विषय देवावर सोपविला तर तें पाप नव्हे, असें मानलें होतें. मृतांसाठीं ठरविलेल्या मिस्सांचा मात्र त्यांनीं निषेध केला. इंग्लंडांतील १५४९ सालच्या प्रार्थनापुस्तकांत मृतासाठीं प्रार्थना होती. १५५२ सालच्या पुस्तकांतून ती काढली गेली. ह्यावरून दिसतें कीं, आमच्या पूर्वजांसही ही रेषा नेमकी कोठें ओढावी हें ठरवितांना विचार करावा लागला.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. पहिला सल्लागार म्हणतो, मेलेल्यास कांहीं कळत नाहीं, म्हणून त्यास दिलेलें वचन बंधनकारक नाहीं. पण वचनाचें बंधन ऐकणाऱ्याच्या कानांत नसतें. तें बोलणाऱ्याच्या जिभेंत असतें. सावकारास दिलेलें वचन आपण पाळतों त्यांत कांहीं अंशीं कोर्टाचें भय असतें; शेजाऱ्यास दिलेलें वचन पाळतों त्यांत कांहीं अंशीं लाज असते. मेलेल्यास दिलेलें वचन पाळण्यांत भय नाहीं, लाज नाहीं, मोबदलाही नाहीं. म्हणूनच तें वचन मनुष्याच्या खरेपणाची शुद्ध कसोटी होय. जो बहिऱ्याला शिव्या देतो त्यास नियमशास्त्रानें दोषी ठरविलें आहे. बहिऱ्याला ऐकूं येत नाहीं म्हणून शिवी निर्दोष होत नाहीं. तोच न्याय येथें लावावा.

ह्या बाबतींत योसेफाचें चरित्र आपणांस फार उपयोगी आहे. याकोबानें मिसर देशांत मरतांना योसेफाकडून शपथ घेतली कीं, मला येथें न पुरतां माझ्या वाडवडिलांजवळ नेऊन पुरावें. योसेफ त्या वेळीं फारोच्या खालोखाल अधिकारी होता. बापास मिसरांतच थाटानें पुरून, सोय नव्हती, दूर होतें, राजकारण होतें, असें सांगणें त्यास सहज शक्य होतें. तसें त्यानें केलें नाहीं. त्यानें फारोची परवानगी मागितली, कनान देशापर्यंत प्रवास केला व शपथ पाळली. आणि आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्या: प्रेतास मसाला लावण्याचें काम मिसरी वैद्यांनीं केलें, मिसरी लोकांनीं आपल्या रीतीप्रमाणें सत्तर दिवस शोक केला, आणि योसेफानें त्यांस हांकलून दिलें नाहीं. त्याचा विश्वास अब्राहामाच्या देवावर होता. पण बापाच्या मरणाच्या वेळीं भोंवतालच्या लोकांच्या रीतीशीं भांडण काढून त्यानें आपला विश्वास सिद्ध करण्याचा प्रयत्न केला नाहीं.

कोणी म्हणेल, "प्रभूनें तर मेलेल्यांस आपलीं मेलेलीं पुरूं द्या असें सांगितलें आहे." खरें आहे, पण तें ज्यानें प्रभूच्या मागें जाण्याचें पुढें ढकलण्यासाठीं बापाच्या दफनाचें निमित्त सांगितलें त्याला सांगितलें. त्याच प्रभूनें मार्काच्या सातव्या अध्यायांत अशा लोकांस कडक शब्दांनीं दोष दिला आहे, जे आईबापांस द्यावयाचें तें कुर्बान म्हणजे देवास वाहिलेलें आहे असें म्हणून हात आखडून घेत. देवाच्या नांवाखालीं आईबापांचें देणें बुडविणें ही गोष्ट त्याला असह्य झाली. आईनें शेवटची एक गोष्ट मागितली, मुलानें ती कबूल केली, आणि मग "माझ्या विश्वासाला हें खपत नाहीं" म्हणून ती मोडली, तर हा कुर्बानाचाच एक नवा प्रकार नव्हे काय? विश्वासाचा खर्च आपण स्वतः सोसावा. तो मेलेल्या आईच्या माथीं मारूं नये.

शिवाय आमच्याच शिकवणीचा शेवटपर्यंत विचार केला तर ती आम्हांस कोठें नेते हें पाहा. गॉर्डन हॉल हे अमेरिकन मराठी मिशनच्या संस्थापकांपैकीं एक. १८२६ सालच्या मार्च महिन्यांत नाशिकच्या बाजूस पटकीच्या सांथींत फिरत असतां त्यांस तोच रोग जडला, आणि एका खेड्यांत ते वारले. जवळ पाळक नव्हता, घरचें कोणी नव्हतें. सोबतच्या मुलांनीं त्यांस तेथेंच पुरलें. विधि झाला नाहीं म्हणून त्यांच्या आत्म्याचें कांहीं उणें झालें असें आमच्यापैकीं कोणी म्हणेल काय? खचित म्हणणार नाहीं. मग विधीच्या अभावीं आत्म्याचें नुकसान होत नाहीं असें जर आम्ही मानतों, तर रोमन कॅथोलिक विधीनें त्या आईच्या आत्म्याचें नुकसान होतें असेंही आम्हांस म्हणतां येणार नाहीं. अर्थात् आमची हरकत आईच्या हितासाठीं नाहीं. ती आमच्या स्वतःच्या विवेकबुद्धीसाठीं आहे. आणि जी गोष्ट आमच्या विवेकबुद्धीची आहे तिची काळजी आम्हीं आमच्यापुरती घ्यावी. तिच्यासाठीं आईच्या देहावर हक्क सांगूं नये.

ती काळजी कशी घ्यावी? येथें दुसऱ्या सल्लागारास उत्तर दिलें पाहिजे. कारण "जें सांगतील तें म्हणा" हा सल्ला सोपा असला तरी खोटा आहे. आमच्या मतें रेषा अशी ओढावी: हात, पाय, पैसा, वेळ व अश्रु हीं आईचीं, तीं मोकळ्या मनानें द्यावीं. पण देवासमोर उच्चारलेला शब्द हा स्वतःच्या विश्वासाचा. जो शब्द मनांत नाहीं तो तोंडानें काढूं नये. मुलानें फादरांकडे स्वतः जावें, पेटी आणावी, खांदा द्यावा, कबर खणण्यास लागावें, मिस्सेच्या वेळीं देवळांत आदरानें बसावें, लोक उभे राहतील तेव्हां उभें राहावें, शास्त्रवाचन मन लावून ऐकावें, प्रभूची प्रार्थना सर्वांबरोबर मोठ्यानें म्हणावी. जी प्रार्थना त्यास पटत नाहीं त्या वेळीं त्यानें शांत राहून, अशी आई दिल्याबद्दल देवाचे आभार मानावे. त्या शांततेनें कोणाचा अपमान होत नाहीं. मिस्सेच्या वेळीं ख्रिस्तशरीर घेण्यास पुढें जाऊं नये. त्यांचाही नियम सामान्यतः तसाच आहे, म्हणून त्यांत कोणीं अपमान मानूं नये. मिस्सेंतील शास्त्रवाचन त्यांच्या मंडळीचेच लोक करतात, अन्यमंडळीच्या ख्रिस्ती मनुष्यानें तें करण्यास विशेष प्रसंगीं बिशपाची परवानगी लागते. पण घरच्या प्रार्थनेच्या वेळीं मुलानें वाचावें असें फादरांस विनंति करून ठरवितां येईल.

नामानाची गोष्ट येथें आठवते. तो इस्राएलाच्या देवाचा भक्त झाला. तरी धन्याला हात देऊन रिम्मोनाच्या देवळांत जाणें त्यास प्राप्त होतें. ही अडचण त्यानें अलीशापासून लपविली नाहीं, आधींच उघड सांगितली. आणि संदेष्ट्यानें त्यास शांतीनें जाण्यास सांगितलें. आमच्या उदाहरणांतील प्रसंग तर नामानाच्या प्रसंगाहून कितीतरी सोपा. कारण येथें परकें दैवत नाहीं, एकाच प्रभूचें नांव आहे. पण नामानापासून घ्यावयाचा धडा हा कीं, जें करावयाचें तें उघड करावें. मुलांनीं आपल्या पाळकास व पंचांस आधीं सांगावें, "आईची इच्छा अशी आहे, आम्ही ती पाळणार आहों, आणि आमचा विश्वास पूर्वीं होता तोच आहे." मग अशक्त बंधूस अडखळण होण्याचें कारण उरत नाहीं. अडखळण गुपितानें होते. सरळ सांगितलेल्या गोष्टीनें फारसें होत नाहीं. आणि पंचांनींही अशा मुलांस दोष न लावतां त्यांच्याबरोबर कबरेपर्यंत चालत जावें.

आतां येथें एक कठीण प्रश्न विचारला जाईल, आणि तो विचारणें रास्त आहे. आमच्या पुष्कळ वाचकांचे आईबाप हिंदु आहेत. "आईची इच्छा पाळा म्हणतां, तर मग बापानें पिंडदान मागितलें तर तेंही करावें काय?" ह्याचें उत्तर वरच्याच रेषेवरून मिळतें. रोमन कॅथोलिक विधींत विधि करणारा फादर असतो. मुलगा उपस्थित असतो. पिंडदानांत मात्र कर्ता मुलगाच असतो. त्याच्याच हातानें व त्याच्याच संकल्पानें तें कर्म होतें. जो विश्वास आपला नाहीं त्याचा संकल्प सोडणें म्हणजे बापासही फसविणें आणि देवासही. आणि खरोखर श्रद्धाळू बापासही श्रद्धाहीन पिंड नको असेल. तेव्हां जें कर्म आपल्याच तोंडानें व संकल्पानें व्हावयाचें तें विश्वास असलेल्या भावानें अगर पुतण्यानें करावें. आपण लांकूडफाटा आणावा, खर्चाचा आपला वांटा द्यावा, घरीं आलेल्यांस जेवूं घालावें, बहिणीचे अश्रु पुसावे, आणि बापाच्या देहाबरोबर शेवटपर्यंत चालावें. ख्रिस्ती झालेला मुलगा बापाच्या मरणाला आला नाहीं, असें गांवानें म्हणावें, ह्यासारखी शुभवर्तमानाची हानि दुसरी नाहीं.

न्याय मात्र दोन्हीं बाजूंनीं सारखा पाहिजे. आपण प्रॉटेस्टंट आहों, पण आपलीं मुलें रोमन कॅथोलिक झालीं, असें समजा. आपल्या कबरेवर आपल्या पाळकानें प्रार्थना करावी, ही आपली इच्छा त्यांनीं पाळावी असें आपणांस वाटेल कीं नाहीं? जें लोकांनीं आपणांस करावें असें वाटतें तेंच आपण त्यांस करावें. ह्या बाबतींत त्या मंडळीच्या १९८३ सालच्या नियमसंग्रहांतही एक विचार करण्यासारखें कलम आहे: बाप्तिस्मा झालेल्या अन्यमंडळीच्या मनुष्याचा स्वतःचा पाळक मिळत नसेल, तर बिशपाच्या निर्णयानें त्यास कॅथोलिक रीतीनें पुरतां येतें, परंतु त्याची इच्छा त्याविरुद्ध होती असें दिसलें तर नाहीं. म्हणजे मृताची इच्छा तेथेंही मोजली जाते. त्याच संग्रहांत असेंही सांगितलें आहे कीं, गरिबांस पैशाच्या अभावीं योग्य अंत्यविधीवांचून राहावें लागूं नये.

आमच्या मंडळींतही निराळी इच्छा मानल्याचें मोठें उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ सालच्या मे महिन्यांत मुंबईस वारले. आम्हां ख्रिस्ती लोकांत दफनाची चाल. त्यांची इच्छा मात्र दहनाची होती. त्यांच्या माणसांनीं ती पाळली, व त्यांची रक्षा अहमदनगरास नेण्यांत आली. त्यामुळें त्यांची पुनरुत्थानाची आशा कमी झाली असें कोणी समंजस ख्रिस्ती मनुष्य म्हणत नाहीं. रोमन कॅथोलिक मंडळीनेंही १८८६ सालीं दहनास मना केली होती, ती १९६३ सालीं सैल केली. दफन अधिक पसंत, पण ख्रिस्ती विश्वासाच्या विरोधानें केलेलें नसेल तर दहनास हरकत नाहीं, असें ठरलें. २०१६ सालच्या आदेशानें रक्षा विखरूं नये व सामान्यतः घरीं न ठेवतां पवित्र स्थळीं ठेवावी असें सांगितलें. तसेंच, जाणूनबुजून आत्मघात केलेल्यास मंडळीचें दफन नाकारण्याचें जें कलम १९१७ सालच्या नियमसंग्रहांत होतें, तें १९८३ च्या संग्रहांत ठेवलें नाहीं. कबरेजवळ कठोरपणापेक्षां दया शोभते, हें सर्वच मंडळ्या हळूहळू शिकत आहेत.

मृताच्या इच्छेला मर्यादा मुळींच नाहीं, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. जी इच्छा पाप करावयास सांगते, उदाहरणार्थ, भावाशीं वैर चालूं ठेव, अमक्यास कबरेजवळ येऊं देऊं नको, ती पाळण्यास मुलगा बांधलेला नाहीं. असें वचन मुळांत देऊंच नये. जी इच्छा जिवंतांस कर्जांत बुडविते तीही आंवरली पाहिजे. जेवणावळीसाठीं सावकाराकडे जमीन गहाण टाकावी असें कोणत्याही मंडळीचा नियम सांगत नाहीं. आणि जी गोष्ट देणें शक्यच नाहीं तिच्याबद्दल अंथरुणाशेजारींच खरें सांगावें. मुलानें म्हणावें, "आई, मी फादरांस बोलावीन, मिस्सा करवीन, तुला बाबांच्या शेजारीं ठेवीन. ती प्रार्थना माझ्या तोंडून होणार नाहीं, पण तुझ्या लोकांच्या तोंडून ती व्हावी म्हणून मी सर्व व्यवस्था करीन." आईला ह्यांत कमी पडेल असें आम्हांस वाटत नाहीं. मरणाऱ्याला खोटी कबुली नको असते. आपलीं माणसें आपल्याला टाकणार नाहींत एवढा भरंवसा हवा असतो.

पैशाच्या बाबतींतही हाच भेद लक्षांत ठेवावा. आईनें स्वतः सांठविलेले पैसे महिन्याच्या अगर वर्षाच्या मिस्सेसाठीं, किंवा २ नोव्हेंबर ह्या मृतांच्या स्मरणदिनासाठीं ठेवले असतील, तर ते तिचे पैसे होत. ते जसेच्या तसे पोंहचविणें हें कारभाऱ्याचें काम आहे, आणि त्यांत फेरबदल करणें ही अफरातफर होय. पुढें आपल्या पदरचें कांहीं तिच्या नांवानें द्यावेंसें वाटलें, तर तें विधवेस, पोरक्या मुलास किंवा शाळेस द्यावें. तेथें आपली विवेकबुद्धि मोकळी आहे.

ज्यांच्या घरीं अशीं मिश्र माणसें आहेत त्यांनीं कांहीं गोष्टी निरोगी दिवसांतच ठरवून ठेवाव्या. आमच्याकडे उन्हाळ्यांत प्रेत फार वेळ ठेवतां येत नाहीं. त्या थोडक्या तासांत विचारपूस होत नाहीं. बाप्तिस्मा कोठें झाला, कोणत्या देवळाच्या नोंदींत नांव आहे, कबरेची जागा कोठें, हें लिहून ठेवावें. आजारपण वाढतांच फादरांस कळवावें. कारण रुग्णास तेल लावून करावयाची प्रार्थना जिवंतपणींच होते, मेल्यावर नाहीं, आणि त्या माणसास तिचा मोठा धीर वाटतो. कोणते शास्त्रभाग वाचावे, कोणतीं गीतें म्हणावीं, हें रुग्णासच विचारावें. हेंही ध्यानांत असावें कीं, पवित्र आठवड्यांतील गुरुवार, शुक्रवार व शनिवार, पुनरुत्थानाचा दिवस, तसेच आगमनकाळ, उपवासकाळ व पुनरुत्थानकाळ ह्यांतील रविवार, आणि त्यांचे बंधनकारक मोठे सण, ह्या दिवशीं मृतासाठीं मिस्सा होत नाहीं. अशा वेळीं प्रार्थनेनें दफन करून मिस्सा मागाहून करतात. हें माहीत नसल्यामुळें फादर मुद्दाम नाकारतात असा गैरसमज होऊं नये.

शेवटीं एवढेंच सांगावयाचें कीं, कबर ही वाद जिंकण्याची जागा नव्हे. शुद्धिस्थानाविषयीं, मिस्सेविषयीं, मृतांसाठीं प्रार्थनेविषयीं आमचा व आमच्या रोमन कॅथोलिक बंधूंचा जो मतभेद आहे तो खरा आहे. त्याविषयीं ओसरीवर बसून, शास्त्र उघडून, प्रेमानें बोलावें, आणि जिवंतपणीं बोलावें. पण ज्या बाईनें नऊ महिने आपणांस वाहिलें तिला आपण अर्धा मैल वाहून नेत असतांना, तो अर्धा मैल तिच्या वाटेनें गेला म्हणून आपली वाट चुकत नाहीं. रोमकरांस लिहितांना चौदाव्या अध्यायांत पौलानें सांगितलें आहे कीं, आपण जगतों तरी प्रभूचे व मरतों तरी प्रभूचे. आणि दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारे आपण कोण, असेंही त्याच अध्यायांत विचारलें आहे. ती आई ज्या धन्याची चाकर होती तिचा निवाडा तोच करील, आणि तो दयाळू आहे. आपल्या वांट्याला एवढेंच आलें आहे कीं, दिलेला शब्द पाळावा, न पटलेला शब्द उच्चारूं नये, आणि दोन्ही मंडळ्यांच्या लोकांनीं एकाच कबरेवर टाकलेली माती एकच आहे हें ओळखून घरीं परतावें.